टिटवीचा तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे, बिडाचा. मला एका हाताने उचलायला जाऊ नका, मनगट दुखेल. आता माझ्याकडे रोज कुणी येत नाही. हलकी, चकचकीत भांडी पुढे असतात आणि मी ओट्याखालच्या फळीवर पडून असतो. पण माझ्यावर एकदा जे बेतले, ते त्या चकचकीत भांड्यांपैकी कुणावरच बेतले नसेल. तेही भर समुद्रात.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लोखंडाचा लाल रस ओतला आणि मी झालो. निवल्यावर एका कामगाराने साचा फोडून मला बाहेर काढले, हातोडीने हलकेच ठोकून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, "ऐक, कसा घंटेसारखा वाजतोय." जन्मल्या जन्मल्या झालेले ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे. पुढे मात्र भांड्यांच्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात बसलो. लोक यायचे, मला उचलायचे, "बाप रे, केवढा जड!" म्हणायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचे.

एक दिवस एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी काडीसारखी बारीक, पण तोंड एक क्षण बंद नाही. हे काय, ते काय, ह्याला झाकण का नाही, त्याला कान दोन कशाला. तिच्या ह्या कलकलाटावरून घरात तिला टिटवी म्हणत. आई रफूचे दुकान चालवायची. फाटलेल्या कपड्याला असा टाका घालायची की फाटले कुठे होते ते मालकालाही सापडू नये. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि दुकानदाराला विचारले, "हा कोरा आहे ना? कुणी वापरून परत केलेला नाही ना?"

"बाई, तवा परत करायला कोण येतंय?" दुकानदार हसला.

आई हसली नाही. टिटवीचे पोट सतत दुखायचे, खाल्लेले अंगी लागायचे नाही. डॉक्टर बदलले, औषधे बदलली, आणि शेवटी खरे कारण सापडले. गव्हात, जवात आणि तसल्याच काही धान्यांत ग्लूटेन नावाचा पदार्थ असतो. तो टिटवीच्या आतड्यांना इजा करत होता. ह्याला औषध नाही. ते धान्य आयुष्यभर तोंडात घालायचे नाही, एवढाच उपाय. शिवाय ते धान्य ज्या भांड्यात शिजले, त्याचाही भरवसा नाही. आईने चाळणी, लाटणे, लाकडी डाव, जुना तवा असे अर्धे स्वयंपाकघर बहिणीला देऊन टाकले होते. त्या रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात मी गेलो.

मित्रांनो, बीड वरून गुळगुळीत दिसते, पण त्याला बारीक बारीक छिद्रे असतात. तेल पाजून, तापवून, पुन्हा तेल पाजून आम्हाला मुरवावे लागते. त्या तेलाचा काळा थर आमच्या अंगावर चढतो आणि मग पदार्थ चिकटत नाही. पण जे शिजते त्याचा थोडा अंशही आम्ही धरून ठेवतो. म्हणून आईने माझ्या मुठीला लाल कापडाचे एक आवरण शिवले. लाल मूठ म्हणजे टिटवीचा तवा, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हे पाठ झाले. मावशी पाहुणी आली तरी माझ्यापासून दोन हात लांब राहायची. माझ्यावर अंडी शिजली, बटाटे परतले गेले, मासे तळले गेले, पण गव्हाचा कण मला कधी शिवला नाही. टिटवीच्या गालांवर हळूहळू मांस चढले. पोट दुखायचे थांबले तसा तिचा आवाज आणखी वाढला. ती माझी सगळ्यात चांगली वर्षे.

टिटवीचे बाबा घरी फार कमी असत. ते प्रवाशांना समुद्रातून फिरवून आणणाऱ्या एका मोठ्या जहाजावर फिटर होते. जहाजाच्या पोटातली यंत्रे चालू ठेवायची, हे त्यांचे काम. महिनोन्‌महिने ते फोनवरच भेटत. ओट्यावर फोन ठेवून आई त्यांना सांगायची, "अहो, नुसतं गव्हाचं खाल्लं नाही म्हणजे झालं असं नाही. चमचा वेगळा, चाळणी वेगळी, तवा वेगळा." तिकडून आवाज यायचा, "हो, हो. कळलं." आणि मग ते तिकडच्या हवापाण्याचे बोलू लागायचे.

एका वर्षी कंपनीने जहाजावरच्या कामगारांना आपले कुटुंब एका सफरीला सोबत आणायची परवानगी दिली. टिटवी आनंदाने इतकी ओरडली की वरच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. आई मात्र काळजीत पडली. घरात ती डोळ्यांत तेल घालून पाहत असे. तिथे हजार लोकांचे अन्न एका स्वयंपाकघरात शिजणार. तिने पिशवीत आधी मला घातले आणि मग कपडे.

कामगारांच्या मजल्यावर आम्हाला एक चिंचोळी खोली मिळाली. तिला लागूनच एक लहानसे स्वयंपाकघर होते. स्टीलचे बेसिन, विजेची एक शेगडी आणि भिंतीला खुंट्या. जहाज डुलले की मी खुंटीवर ठक् ठक् वाजायचो.

पहिल्याच दिवशी जहाजाचे मुख्य आचारी आईला भेटायला आले. सगळे त्यांना शेफ म्हणत. उंच, थकलेले, आणि बोलणे अगदी तोलून मापून. सकाळचा नाश्ता आईने इथे करावा, दुपारचे आणि संध्याकाळचे जेवण ते स्वतंत्र ओट्यावर करून झाकून पाठवतील, असे ठरले.

"आणि मोठ्या हॉलमधल्या मांडलेल्या जेवणातलं काही घेऊ नका," ते म्हणाले. "पदार्थात गहू नसला तरी लोक एका भांड्यातला चमचा दुसऱ्या भांड्यात घालतात. त्यांना तरी काय सांगणार?"

"आणि तळलेले बटाटे?" टिटवीने विचारले.

"त्याच तेलात पावाचा चुरा लावलेले मासे तळतो. नको."

"सूप?"

"दाट करायला मैदा घालतो. तुझं वेगळं करीन."

"आइस्क्रीम?"

"साधं चालेल, पण बिस्किटाच्या कोनात नाही, वाटीत. डब्यातून नवीन चमच्याने काढायला सांग."

टिटवी खूश झाली. त्या दिवसापासून ती प्रत्येक काउंटरवर स्वतःच विचारायची. मागच्या रांगेतले लोक सुस्कारे सोडत. एक आजीबाई म्हणाल्या, "एवढीशी पोर, पण नखरे किती!" टिटवीने त्यांना आतडे म्हणजे काय, ते कुठे असते आणि त्यात काय बिघडते ते सगळे समजावून सांगितले. आजीबाईंनी जेवण अर्धवट टाकले. हे सारे ती मला पुसता पुसता आईला रंगवून सांगत होती आणि आई हसू दाबत होती.

जहाजाच्या बेकरीत एक तरुण बाई होती. तिला सगळे बेकरीताई म्हणत. तिची ही पहिलीच सफर. टिटवी पावाच्या वासाने वेडी होते आणि पाव मात्र खाऊ शकत नाही, हे ऐकून तिने मनावर घेतले. गव्हाचे पीठ बाहेर निघायच्या आधी येऊन, ओटा धुऊन, वेगळ्या साच्यात ती तांदळाच्या पिठाचे छोटे पाव भाजू लागली. गरम पाव फडक्यात गुंडाळून ती स्वतः आमच्या दाराशी आणून द्यायची. ह्याच आजाराच्या आणखी दोन म्हाताऱ्या बहिणी जहाजावर प्रवासी म्हणून होत्या. त्यांनाही त्यातलेच पाव मिळत.

बाबांना हे सगळे जरा अति वाटायचे. एकदा चहा घेताना ते आपल्या सोबत्याला म्हणाले, "तिची आई ना, राईचा पर्वत करते. आम्ही लहानपणी माती खाल्ली, काही झालं का?" लेकीवर त्यांचा फार जीव होता. पण ती आजारी असताना ते कधी जवळ नव्हते. त्यांनी तिला पाहिले होते ते फोनच्या पडद्यावर, भांग पाडलेली, हसणारी.

मग तो दिवस आला. जहाज एका बेटाला लागणार होते आणि बाबांना अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. संपूर्ण सफरीत तेवढीच. बेटावरच्या दीपस्तंभावर ते टिटवीला घेऊन जाणार होते. तिने बूट आदल्या दिवसापासून दाराशी मांडून ठेवले होते.

सकाळची पाळी संपवून बाबा वर आले. भुकेने कासावीस झाले होते. आई आणि टिटवी आत तयार होत होत्या. बाबांच्या हातात कामगारांच्या खाणावळीतला पाव होता, साधा, गव्हाचा. त्यांनी मला खुंटीवरून काढले. हात तेलकट होते म्हणून लाल आवरण आधी अलगद काढून बाजूला ठेवले. मग माझ्यावर लोणी सोडले आणि पाव खरपूस भाजून घेतला. कण माझ्या कडेला, तळाला, सगळीकडे पसरले. खाऊन झाल्यावर त्यांनी मला कागदाने पुसले, उजेडात धरून पाहिले, आवरण पुन्हा चढवले आणि खुंटीला टांगले. मी चकाकत होतो. दिसायला काही म्हणजे काही फरक नव्हता.

थोड्याच वेळात आई आली. तिने माझ्यावर टिटवीचे आम्लेट केले. टिटवीने ते बेकरीताईच्या पावाबरोबर खाल्ले, बूट घातले आणि बाबांचा हात धरून निघाली.

ती दोघे जहाजाच्या शिडीपाशी पोचेपर्यंत सगळे ठीक होते. उतरायची रांग तासभर हलली नाही आणि तिथे उभे असताना तिने पोट धरले. मग तिथेच खाली बसली. बाबांनी तिला उचलून धावत आणले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर ओकली होती. भिंतीपलीकडून मला तिचे कण्हणे ऐकू येत होते. एवढी बडबडी मुलगी, पण तोंडातून एक शब्द नाही. जहाजाचे डॉक्टर येऊन गेले. पाणी पाजत राहा, विश्रांती द्या, कमी होईल, असे त्यांनी सांगितले. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. लेकीला असे वेदनेने मुडपून पडलेले ते पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी शेफ आले. मागे बेकरीताई.

आईच्या रागाला मग पारावार राहिला नाही. "तुमच्या बेकरीत दिवसभर मैदा उडतो. मी आधीच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काळजी करू नका!"

"ताई, मी साचासुद्धा वेगळा..." बेकरीताई पुढे झाली. "ओटा दोनदा धुते हो मी."

"मग पोर उगाच पडलीय का?"

शेफनी हात वर करून दोघींना थांबवले. मग बेकरीताईला म्हणाले, "कारण सापडेपर्यंत तू भट्टीवर जाऊ नकोस. भाज्या धुवायला बस. आणि त्या दोन आजींनाही पाव बंद. उकडलेले बटाटे आणि फळं द्या फक्त."

बेकरीताईने मान खाली घातली. शेफ मात्र निघाले नाहीत. ते स्टुलावर बसले आणि शांतपणे विचारू लागले. काल काय खाल्ले, आज काय खाल्ले, कुणाच्या हातचे. आई सांगत गेली. "आणि आम्लेट मी केलं. आमच्या तव्यात. त्याला दुसरं काही लागूच शकत नाही, तो वेगळाच असतो."

"बरोबर," शेफ म्हणाले. "मग पावच उरतो."

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नसते तर कुणालाही काही कळले नसते. मला तर तोंड नाही. बेकरीताईने उरलेली सफर भाज्या धुतल्या असत्या आणि आईने जन्मभर जहाजांना नावे ठेवली असती.

"पाव मी भाजला होता," बाबा म्हणाले.

"कुठला पाव?" आईने विचारले.

"माझा. साधा. सकाळी, ह्या तव्यात. भूक लागली होती. मी पुसला गं नंतर... अगदी स्वच्छ पुसला. मला वाटलं, पुसला म्हणजे झालं."

जहाज जरासे डुलले आणि मी खुंटीवर एकदा वाजलो.

"फोनवर किती वेळा सांगितलं होतं तुम्हाला?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"सांगितलं होतंस. मी हो हो म्हणत होतो."

बेकरीताईने डोळे पुसले. "म्हणजे माझा पाव बरा होता?"

"तुमचा पाव उत्तम होता," बाबा म्हणाले. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं."

आई उठून तिच्याजवळ गेली. "मीही वाटेल ते बोलले. मनात ठेवू नका."

"ठेवते थोडं," बेकरीताई म्हणाली आणि रडता रडताच हसली. "शेफ, उद्या भट्टीवर मीच ना?"

"दुसरं कोण येतंय इतक्या पहाटे?" शेफ म्हणाले.

संध्याकाळी टिटवीला जरा बरे वाटले. मधले दार उघडे होते. बाबा तिच्या उशाशी बसून होते आणि त्यांनी तिला सगळे सांगून टाकले.

"बाबा, पण तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं गं. कळलं नव्हतं."

टिटवीने ह्यावर विचार केला. मग म्हणाली, "थांबा, मी परीक्षा घेते. बिस्कीट?"

"नाही चालणार."

"सोया सॉस?"

"तो चालेल. सोयाबीनचा असतो ना?"

"नापास! त्यात बहुतेक वेळा गहू असतो. बाटली वाचायची. भात?"

"चालेल."

"कुठल्या चमच्याने वाढलेला?"

बाबा डोके खाजवू लागले. टिटवी म्हणाली, "पुन्हा नापास," आणि उशीवर डोके टेकून झोपली. त्या दिवशीचे दीपस्तंभाचे तिकीट तसेच बाबांच्या खिशात राहिले.

आता माझे काय झाले ते सांगतो. आईने मला खुंटीवरून काढले, आवरण उतरवले आणि एका जुन्या पिशवीत घालून बेसिनखाली ठेवले. शेफनी दिलेला स्टीलचा नवा तवा माझ्या जागी आला. माझा काही दोष नव्हता, हे तिलाही ठाऊक होते. पण भरवसा एकदा उडाला की दोष कुणाचा हे कोण पाहते? पिशवीत अंधार होता. वर नव्या तव्यावर अंडे फुटायचे, टिटवी बडबडायची, आणि मी खाली तिचा आवाज ऐकत राहायचो.

एक दिवस बाबांनी पिशवी उचलली. "टाकायच्या आधी मला एकदा प्रयत्न करू दे," ते आईला म्हणाले. आईने खांदे उडवले. शेफना त्यांनी विचारले तेव्हा शेफ म्हणाले, "वरवर घासून भागणार नाही. सगळा थर जाळून, अगदी कोऱ्या लोखंडापर्यंत आणलास तरच. नाहीतर नवीन घे, ते सोपं."

बाबांनी सोपे केले नाही. जहाजाच्या पोटात त्यांचे वर्कशॉप होते. तिथे लोखंड तापवायची भट्टी होती. तिच्यात मी इतका तापलो की जन्माची आठवण झाली. इतक्या वर्षांचा माझा काळा थर राखेसारखा सुटला. मग तारेच्या ब्रशने घासणे, मग कोऱ्या कापडाने पुसणे, मग पुन्हा आग. मी राखाडी, उघडा, अगदी परका दिसू लागलो. पाळी संपली की बाबा येत, मला तेलाचा पातळ हात देत, तापवत, निववत. त्यासाठी तेलाची नवी, सीलबंद बाटली त्यांनी आणली होती. सोबती चिडवायचे, "काय रे, तवा की तान्हं बाळ?" बाबा हसायचे नाहीत. ज्याला त्याला ते ग्लूटेन म्हणजे काय ते सांगत सुटले होते. टिटवीची बडबड कुणावरून आली, ते मला तेव्हा समजले.

मी परत आलो तेव्हा आईने मला बोट लावून पाहिले. माझ्यावर तिने आधी स्वतःसाठी बटाटे परतले. ते चिकटले. पुन्हा तेल पाजले. पुन्हा परतले. हे तिचे रोज चालू राहिले, पण टिटवीचे मात्र सगळे स्टीलच्या तव्यात.

सफरीचा शेवटचा दिवस उजाडला. आई आणि टिटवी उतरणार होत्या. बाबांना पुढच्या सफरीवर जायचे होते. बॅगा दाराशी होत्या. बाबांनी दाढी केली होती आणि धुतलेला शर्ट घातला होता. आई स्वयंपाकघरात आली, स्टीलच्या तव्याला हात घातला आणि थांबली. मग तिने मला खुंटीवरून काढले आणि बाबांच्या हातात दिले.

"आज नाश्ता तुम्ही करा तिचा," ती म्हणाली.

"मी? ह्याच्यात?"

"हो. मी बाहेर बसते."

आणि ती खरोखरच बाहेर जाऊन बसली, दाराकडे पाठ करून. तिला ते जड जात होते. तिच्या पायाची टाच जमिनीवर सारखी वाजत होती, ती मला ऐकू येत होती. पण तिने एकदाही वळून पाहिले नाही.

बाबांनी हात कोपरापर्यंत धुतले. ओटा धुतला, शेगडी पुसली. मिठाची पुडी, मिरपुडीची बाटली उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचले. डोळ्यांना दिसेना तसे टिटवीला वाचायला लावले. कालथा नवा होता तरी दोनदा धुतला. एवढी मोठी यंत्रे फिरवणारा माणूस, पण अंडे फोडताना टरफलाचे तुकडे आत पडले आणि ते त्यांना एकेक करून वेचावे लागले. मी अजून पुरता मुरलो नव्हतो. आम्लेट चिकटले, फाटले, आणि ताटलीत त्याचा नुसता चुरा पडला.

"हे काय आहे?" टिटवीने विचारले.

"आम्लेट."

"असं असतं का?"

"माझं असं असतं."

तिने घास घेतला. बाबा तिच्याकडे पाहत उभे राहिले, जणू कुठल्याशा यंत्राचे पहिल्यांदा बटण दाबले आहे. तिने सगळे संपवले आणि ताटली पुढे केली. "अजून आहे?"

बाहेर टाचेचा आवाज थांबला.

मित्रांनो, ह्याला बरीच वर्षे झाली. टिटवी आता आईपेक्षा उंच झाली आहे आणि कामासाठी देशोदेशी फिरते. माझे वजन तिला झेपत असले तरी विमानाच्या सामानात मावत नाही, म्हणून हलके भांडे तिच्यासोबत जाते. मी घरी असतो. ती येते तेव्हा मला बाहेर काढतात, तेल पाजतात, आणि माझ्यावर काहीतरी चुरचुरते. तेवढ्यावर मी समाधानी आहे.

तुम्हाला एकच सांगायचे आहे. तुमच्या वर्गात, शेजारी, प्रवासात कुणी म्हणाले की मला हे चालत नाही, तर "एका घासाने काय होतंय" असे म्हणू नका. त्याचा डबा, त्याचा चमचा, त्याचे भांडे घेण्याआधी विचारा. भांडे पुसल्यावर स्वच्छ दिसते, पण सगळेच डोळ्यांना दिसते असे नाही. आणि तुमच्याकडून चूक झालीच, तर दुसऱ्याच्या माथ्यावर जाऊ देऊ नका. त्या दुपारी बाबांना बोलायला फार जड गेले, ते मी जवळून पाहिले आहे. पण ते बोलले म्हणून त्या दोन म्हाताऱ्या बहिणींना दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाव मिळाला.